वायरलेस नेट सारखं अडकतंय म्हणून कंपनी बदलायची? त्याआधी हे एवढं तपासून घ्या

छतावर छोटी डिश लावून येणारं नेट किंवा फोरजी-फाईव्हजी सिमच्या राऊटरवर चालणारं नेट, घरचं असो नाहीतर छोट्या ऑफिसचं, त्याबद्दल लिहितोय. ओळखीच्या लोकांकडे हीच तक्रार मी इतक्यांदा सोडवली आहे की आता फोन आला की पुढचं वाक्य मला पाठ असतं, "नेट एकदम बेकार आहे, दुसरी चांगली कंपनी सांग". मी नाव सांगत नाही, आधी तासभर वेळ मागतो. कारण बिघाड घरात असेल तर नवीन कंपनी आली तरी तो तिथेच राहतो, आणि बिघाड खरंच कंपनीचा असेल तर तो आकड्यात माहीत असला पाहिजे, नाहीतर पुढची कंपनी निवडताना विचारणार काय?

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं ते ठरवा. एकापेक्षा जास्त असतील तर तसं लिहून ठेवा.

– दिवसभर ठीक, संध्याकाळी सात-आठनंतर स्पीड पडतो, रात्री उशिरा आपोआप सुधारतो
– स्पीड टेस्ट मस्त येते पण व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, चेहरा गोठतो
– बाहेरच्या खोलीत पळतं, आतल्या खोलीत रांगतं
– नेट पूर्ण जातं, मिनिटभराने स्वतःच परत येतं, असं दिवसातून बऱ्याचदा
– पाऊस आला की जातं, एक-दोन दिवस ऊन पडलं की बरं होतं
– घेतलं तेव्हा झकास होतं, वर्षभरात हळूहळू खालावत गेलं
– नेट चालू आहे पण ऑफिसचे कॅमेरे किंवा घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही

एक वही घ्या आणि तीन-चार दिवस वेळ लिहा, कधी गेलं, कधी आलं, बाहेर पाऊस होता का, घरात त्या वेळी काय चालू होतं. "सारखं जातं" असं सांगितलं की कस्टमर केअरवाले राऊटर बंद-चालू करा एवढंच सांगतात. "रोज आठ ते साडेदहा, केबलवर, ४० चा ४ होतो" असं सांगितलं तर तक्रार पुढच्या माणसाकडे जाते.

बंद-चालू करण्याआधी लाईट बघा

नेट गेलं की सगळे पहिलं काम प्लग काढण्याचं करतात आणि त्यातच पुरावा पुसला जातो. आधी दोन मिनिटं नुसतं बघा. राऊटरचा लाईट आहे का, आणि डिशवाल्या कनेक्शनला भिंतीजवळ जो छोटा अ‍ॅडॉप्टर असतो, ज्यातून एकाच केबलने वर वीज पण जाते आणि नेट पण येतं, त्याचा लाईट आहे का. मग राऊटरच्या पानावर (ब्राऊझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला की उघडणारं सेटिंगचं पान, पत्ता पुढे पिंगच्या भागात दिलाय) जाऊन अपटाईम बघा, म्हणजे तो किती वेळापासून चालू आहे ते. तुम्ही हात लावलेला नसताना अपटाईम दीड तास दिसत असेल तर राऊटर मधेच बंद पडून परत चालू झालाय. हा विजेचा भाग आहे, अ‍ॅडॉप्टर मरायला टेकलाय, प्लग ढिला आहे किंवा एक्स्टेन्शन बोर्ड खराब आहे. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच आणि हीच सगळ्यात जास्त नजरेतून सुटते.

त्या छोट्या अ‍ॅडॉप्टरला दोन भोकं असतात, एक वर डिशकडे जाणारं, दुसरं राऊटरकडे. केबल काढली तर त्याच जागी परत लावा, आधी फोटो काढून ठेवा. डिशकडच्या भोकात वीज असते, ते चुकून लॅपटॉपला किंवा राऊटरला जोडलं तर पोर्ट जळू शकतो. आणि अ‍ॅडॉप्टर बदलायचा झाला तर त्याच व्होल्टेजचा आणा, काही डिश २४ व्होल्टवर चालतात, काही ४८ वर, नुसतं भोक बसतंय म्हणून लावू नका.

वायफाय बाजूला ठेवा, लॅपटॉप केबलने जोडा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. केबल थेट राऊटरला लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, बाकी सगळ्यांचे फोन-टीव्ही दहा मिनिटं तोडा आणि टेस्ट करा. केबलवर स्पीड नीट आणि वायफायवर पडतो, तर कंपनीचा काहीही दोष नाही, घरातलं वायफाय दुरुस्त करायचंय. केबलवर पण पडतो तर पुढे वाचा.

एका ऑफिसात दोन वर्षांत दोन कंपन्या बदलून झाल्या होत्या आणि तिसरीची चौकशी चालू होती. मी गेलो तर राऊटर कुठे दिसेना. तो होता फायलींच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, दार लावून, वर जुन्या फायलींचा गठ्ठा, हात लावला तर चांगलाच तापलेला. आधीच्या दोन्ही कंपन्यांच्या माणसांनी केबल त्याच कपाटापर्यंत आणून तिथेच राऊटर ठेवला होता कारण केबल तिथे येत होती. आम्ही तो बाहेर काढून भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावला, बाकी काही केलं नाही, आणि आतल्या केबिनमध्ये ३ वर अडकलेला स्पीड ३५ च्या वर गेला. त्या माणसाने दोनदा इन्स्टॉलेशनचे पैसे भरले होते हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

वायफायमध्ये बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर, धातू आणि पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यापैकीच ठेवा, हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, ३ किंवा ९ ठेवलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते. मायक्रोवेव्ह ओव्हन पण त्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे ओव्हन चालू असताना कॉल तुटत असेल तर तो योगायोग नाही. जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झ द्या, लांबच्यांना २.४, कारण २.४ भिंतीतून जास्त आत जातं. स्वस्तातला रिपीटर घेणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की तो बहुतेक एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो. आतल्या खोलीपर्यंत एक केबल ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉईंट (त्या केबलवरून तिथे वायफाय देणारा डबा) लावणं कधीही सरस.

आणि हो, एकक नीट बघा. प्लॅन १०० एमबीपीएसचा म्हणजे १०० मेगाबिट. फाईल डाउनलोड होताना दिसतात ते मेगाबाईट. ८ बिटांचा एक बाईट, म्हणजे जास्तीत जास्त १२.५ दिसणार. "१०० सांगितले आणि १२ येतात" ही तक्रार घेऊन लोक खरोखर कंपनी बदलतात.

दोन खिडक्यांचा पिंग

पिंग म्हणजे समोरच्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजणं. लॅपटॉप केबलवरच ठेवा आणि दोन कमांड विंडो उघडा. एकीत राऊटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर. नेट अडकलं की दोन्हीकडे बघा. पहिली नीट आणि दुसरीत टाईमआऊट, तर घरातलं सगळं ठीक, बिघाड राऊटरच्या पलीकडे. दोन्हीत टाईमआऊट, तर राऊटर किंवा तुमची केबल. पहिलीत १-२ मिलिसेकंद यायला पाहिजेत, केबलवर तिथे ५०-१०० दिसत असतील तर राऊटर दमलाय.

आता हेच पिंग चालू ठेवून एक मोठी फाईल अपलोड करा. शांत असताना ३० मिलिसेकंद होतं ते अपलोड सुरू झाल्यावर ५००-८०० वर गेलं तर "स्पीड टेस्ट मस्त पण कॉल तुटतो" या लक्षणाचं कारण सापडलं. राऊटर किंवा डिश डेटाच्या पाकिटांची लांब रांग लावते आणि तुमच्या आवाजाचं छोटंसं पाकीट त्या रांगेत मागे उभं राहतं. वायरलेस लाईनला अपलोड मुळात कमी असतं म्हणून इथे हे जास्त जाणवतं. कुणाचा तरी फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप करत असतो, किंवा चार कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत असतात, आणि घरातला बाकी प्रत्येक जण कंपनीला शिव्या देतो. बॅकअप रात्री दोनला लावा. राऊटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग सांभाळणारी सेटिंग) असेल तर चालू करा आणि मर्यादा टेस्टमध्ये येणाऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्के ठेवा. १०-१५ टक्के स्पीड हातचा सोडायला लोकांना जड जातं, पण त्या बदल्यात रांग तुमच्या ताब्यात येते आणि कॉल सरळ होतात.

संध्याकाळचा रोग

इथे मात्र कंपनीची बाजू सुरू होते. टॉवरवरचा एक सेक्टर, म्हणजे एका दिशेला बघणारा अँटेना, बऱ्याच घरांत वाटलेला असतो. दुपारी सगळे कामावर, संध्याकाळी सगळे घरी, आणि हवेतली जागा तेवढीच. हे पकडायचं कसं तर आठवडाभर रोज तीन वेळा, पहाटे किंवा सकाळी लवकर, दुपारी आणि रात्री नऊला, केबलवर, बाकी उपकरणं तोडून टेस्ट करायची आणि वहीत डाउनलोड, अपलोड, पिंग तिन्ही लिहायचे. सकाळी ४५ आणि रात्री रोज ५-६ येत असेल, सिग्नल मात्र दोन्ही वेळा तेवढाच असेल, तर सेक्टर भरलाय. याला घरी औषध नाही, राऊटर महागातला घेतला तरी फरक पडणार नाही. कंपनीला आकडे दाखवून दुसऱ्या सेक्टरवर किंवा दुसऱ्या टॉवरवर फिरवता येईल का विचारा, कधीकधी डिश थोडी वळवून भागतं. ते नाही म्हणाले तर कंपनी बदलायचं खरं कारण तुमच्या हातात आहे.

सिग्नलचे आकडे, आणि झाड

फोनवरच्या काड्या सोडून द्या. राऊटर किंवा डिशच्या पानावर सिग्नलच्या ताकदीचा डीबीएममध्ये आकडा असतो आणि तो वजा असतो, म्हणजे वजा ६० हे वजा ७५ पेक्षा चांगलं. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, १० डीबीला दहावा हिस्सा. डिशच्या लाईनला वजा ५० ते वजा ६५ असेल तर छान, वजा ७५ च्या खाली गेलं की पाऊस-वारा काहीही झालं तरी लाईन डळमळणार. फोरजी-फाईव्हजी राऊटरला आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) वजा ९० च्या आसपास किंवा त्यापेक्षा बरा असेल तर चांगला, वजा ११० च्या खाली असेल तर जागा बदला. त्याच्या जोडीला एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे तो आकडा) बघा, तो २० च्या पुढे असेल तर उत्तम, शून्याच्या जवळ असेल तर सिग्नल भरपूर दिसूनही गोंगाटात बुडालेला आहे. काड्या फुल आणि नेट ठप्प, यामागे बऱ्याचदा हेच असतं. राऊटर एकेका खिडकीत पाच-पाच मिनिटं ठेवून दोन्ही आकडे लिहा, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेल्यावर स्पीड दुप्पट झालेला मी बघितलाय, खर्च काही नाही.

डिश बसवली त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवलेला असेल तर सोनं. तेव्हा वजा ५८ होतं आणि आज वजा ७२ आहे, म्हणजे मधे काहीतरी आलंय किंवा डिश हललीये. "वर्षभरात हळूहळू बिघडलं" याचं माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा एकच उत्तर निघालं, झाड. लोक म्हणतात टॉवर तर दिसतोय की फांदीच्या वरून. नुसता दिसून भागत नाही, लहरींना आजूबाजूला मोकळी जागा लागते, मधे फुगलेल्या बोगद्यासारखी. ५.८ गिगाहर्ट्झवर टॉवर १ किलोमीटरवर असेल तर मध्यावर त्या बोगद्याची त्रिज्या साडेतीन मीटरच्या थोडी वर असते, ५ किलोमीटरला ८ मीटर, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग रिकामा पाहिजे. पानांत पाणी असतं आणि पाणी लहरी पितं, म्हणून बिनपानांच्या दिवसांत बसवलेली डिश पालवी फुटली की रुसते.

पावसात जाणारं नेट

"पावसात वायरलेस जाणारच" असं सांगून बरेच जण विषय संपवतात आणि लोक पण मानून घेतात. ५ गिगाहर्ट्झच्या आसपास पावसाच्या थेंबांनी काही किलोमीटरच्या लाईनचं फारसं बिघडत नाही. ६० गिगाहर्ट्झच्या डिशचं बिघडतं, तिथे पाऊस सोडाच, हवेतला ऑक्सिजनसुद्धा दर किलोमीटरला साधारण १५ डीबी खातो. पण नेहमीची ५ गिगाहर्ट्झची डिश असेल आणि पाऊस थांबल्यावर पण दिवसभर नेट येत नसेल तर पाणी केबलमध्ये शिरलंय असं धरून चला.

एकदा अशाच घरी मी अ‍ॅडॉप्टरची वीज बंद करून वरून येणारी केबल काढली आणि जॅक खाली करून झटकला तर त्यातून पाण्याचे दोन थेंब फरशीवर पडले. आतल्या आठ तांब्याच्या पट्ट्यांपैकी तीन हिरव्या पडलेल्या. वर छतावर घरात वापरायची राखाडी केबल लावली होती, उन्हाने तिचं आवरण चिरलं होतं, त्यातून पाणी आत जाऊन केबलच्या आतून दोन मजले उतरत होतं. चार महिने कंपनी "वरून सिग्नल ओके आहे" सांगत होती, आणि सिग्नल खरंच ओके होता.

तुम्ही एवढंच करा, वीज बंद करून घरातलं टोक बघा, ओल किंवा हिरवट गंज आहे का. केबलवरचं लिंक किती एमबीपीएसवर जुळलंय तेही राऊटरच्या पानावर दिसतं. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे १००० चं १०० झालं असेल तर एखादी जोडी गेलीये, आणि १० दिसत असेल तर केबल बदलायचीच. बाहेरची नवीन केबल उन्हापावसात टिकणारी घ्या, एका तुकड्यात १०० मीटरच्या आत ठेवा, आणि भिंतीत शिरण्याआधी खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून टपकून जातं.

इथे थांबा

छतावर चढायचं असेल, खांब हलवायचा असेल, डिशची दिशा फिरवायची असेल तर थांबा आणि माणूस बोलवा. ओलं छत, वाऱ्यात हलणारा खांब, जवळून जाणारी विजेची तार, यातलं काहीही एका नेट कनेक्शनसाठी अंगावर घेऊ नका. विजांचा कडकडाट झाल्यावर नेट मेलं असेल, अ‍ॅडॉप्टरला जळका वास येत असेल किंवा केबलचा धातू हाताला चावत असेल तर प्लगलाही हात न लावता मेन बंद करा. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हे इलेक्ट्रिशियनचं काम.

डिशच्या आतल्या सेटिंगला पण हात लावू नका. मिनिटभर जाऊन स्वतःच परत येणारं नेट, ज्यात अपटाईम तुटत नाही, तिथे मला रडारचा संशय येतो. ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा रडारसोबत वाटून वापरायचा असतो, रडारसारखं काही ऐकू आलं की रेडिओने ते चॅनेल सोडायचं आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर बोलण्याआधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकायचं, असा बऱ्याच देशांत नियम आहे. ते चॅनेल टॉवरवरून बदलावं लागतं. या नियमाला डीएफएस म्हणतात. तक्रारीत "डीएफएसमुळे होतंय का बघा" एवढं वाक्य घाला, समोरचा टेक्निशियन समजून जाईल.

एवढं करूनही बदलायचीच असेल तर

आता वही घेऊन बसा आणि नवीन कंपनीला हे विचारा. माझ्या पत्त्यासाठी टॉवर कुठला आणि किती लांब? छतावर येऊन प्रत्यक्ष सिग्नल मोजणार का? नकाशा बघून "मिळेल" म्हणणाऱ्याला मी लगेच हो म्हणत नाही. जुन्या कंपनीचीच लाईन घेऊन पुढे विकताय का, कारण तसं असेल तर संध्याकाळचा रोग सोबत येणार. प्लॅनमधला "पर्यंत" हा शब्द सोडून रात्री नऊचा स्पीड किती, अपलोड किती, कोटा संपल्यावर किती? त्याच टॉवरवरचं एखादं शेजारचं घर असेल तर त्यांच्याकडे रात्री जाऊन एक टेस्ट करा, जाहिरातीपेक्षा ती खरी.

ऑफिसवाल्यांनी अजून दोन गोष्टी बघा. राऊटरच्या पानावर बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही बाकी ग्राहकांसोबत एकाच पत्त्यामागे आहात, अशा लाईनवर पोर्ट कितीही उघडले तरी कॅमेरे बाहेरून थेट दिसणार नाहीत, स्टॅटिक पब्लिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता) मिळेल का ते सही करण्याआधी लेखी घ्या. आणि अपटाईमचा टक्का तासांत मांडून बघा, ९९ टक्के म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद, ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. बंद राहिलं तर भरपाई काय, तेही त्याच कागदावर पाहिजे. बॅकअप म्हणून दुसरी लाईन घेणार असाल तर ती दुसऱ्या टॉवरवरून किंवा वेगळ्या प्रकारची घ्या, दोन्ही एकाच खांबावर असतील तर एकाच वेळी जातील.

जुनी लाईन लगेच तोडू नका. निदान दोन आठवडे दोन्ही सोबत चालवा, रोज रात्री नऊला केबल आधी जुन्या राऊटरला, मग नव्याला लावून टेस्ट करा, एकदा तरी चांगला पाऊस त्यात येऊ द्या, आणि नव्या डिशचा पहिल्या दिवशीचा सिग्नल आकडा तारखेसकट राऊटरच्या खाली चिकटवून ठेवा. मग जुनीचा अर्ज द्या.